चार वेळा खाली

“चार वेळा खाली, मग एंटर,” तात्या म्हणाले आणि त्यांनी बाणाची कळ मोजून चार वेळा दाबली. एक, दोन, तीन, चार, असं तोंडानं म्हणत.

“मोजताय कशाला तात्या? समोर नावं लिहिलीत की. वाचायचं आणि दाबायचं.”

“मोजलं की चूक होत नाही.”

मी हसले. आमच्या घरात तात्यांच्या मोजण्यावर सगळेच हसायचे. बत्तीस वर्षं ते जमीनमोजणीच्या खात्यात होते. आधी साखळी टाकून, मग नुसत्या पावलांनीसुद्धा त्यांनी अर्धा तालुका मोजला होता. निवृत्तीनंतर मोजायला शेतं राहिली नाहीत म्हणून ते घर मोजायचे. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं, उंबऱ्यापासून नळापर्यंत चोवीस. चालताना ओठ हलत असायचे. “ह्येचं डोस्कं म्हंजे टेप हाय टेप,” असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तिच्याच हातात होतं.

ही २००८ सालच्या दिवाळीतली गोष्ट. पुण्यात मला पहिली नोकरी लागून चार महिने झाले होते आणि लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं वारं अंगात शिरलं होतं. कॉलेजातला माझा जुना कॉम्प्युटर मी वडूजच्या घरी आणून ठेवला होता आणि त्यावर एक सोडून तीन लिनक्स घातली होती. एक माझ्या वापराचं, एक मोडतोड करून बघायला आणि एक तात्यांचं. मशीन सुरू केलं की आधी बूटलोडर यायचा. म्हणजे काळ्या पडद्यावर पाच ओळींची एक यादी, आज कुठल्या सिस्टिममध्ये जायचंय ते निवडायला. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर तो आपला पहिल्या ओळीवर जायचा. पहिली ओळ माझी. दुसरीही माझीच, काही बिघडलं तर दुरुस्तीसाठी. तिसरी मशीनची मेमरी तपासायची. चौथी मोडतोडीची. पाचवी तात्यांची. ती यादी मी स्वतः लिहून बसवली होती, आणि पहिल्यांदाच न फाटता पुरणपोळी लाटता आल्यासारखी सगळ्यांना दाखवत होते.

“हेमा, माझं नाव वर घेता येईल का गं?” तात्यांनी विचारलं.

एका फाईलमध्ये एक आकडा बदलायचा होता. मशीन ओळी शून्यापासून मोजतं; शून्याच्या जागी चार लिहिलं की ते आपोआप तात्यांच्या ओळीवर गेलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

“चार वेळा बाण दाबायला काय होतंय तात्या? तेवढाच बोटाला व्यायाम.”

“बरं,” ते म्हणाले.

तात्यांना कॉम्प्युटर हवा होता तो शेतांच्या नावांसाठी. सातबाऱ्यावर शेताचा नुसता गट नंबर असतो, पण गावात प्रत्येक शेताला नाव असतं. उपाशी पट्टी, नवरीचा दगड, सासूचं वावर. मोजणीला गेले की तात्या बांधावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचे, हे नाव का पडलं, कुणी पाडलं, आणि वहीत पेन्सिलीनं टिपून घ्यायचे. चौसष्ट गावं होती आणि चौसष्ट वह्या. सांगणारी माणसं बहुतेक गेली होती, पेन्सिल पुसट होत चालली होती, आणि ते अक्षर तात्यांशिवाय दुसऱ्या कुणाला लागत नव्हतं.

“डोळे आहेत तोवर हे पक्कं करून टाकायचं,” ते म्हणाले. वय झालेली माणसं असं बोलतातच, असं मला वाटलं.

त्यांनी निळ्या पडद्यावर पिवळी, ठळक अक्षरं मागितली. पांढऱ्यानं डोळे दिपतात म्हणाले. मी करून दिलं. अक्षर एवढं मोठं ठेवलं की पडद्यावर जेमतेम सहा ओळी मावायच्या. एंटर दाबून दोनशेपर्यंत मोजलं की त्यांची फाईल आपोआप उघडायची, थेट शेवटच्या ओळीवर. कीबोर्डसुद्धा त्यांनी मोजूनच पाठ केला. डावीकडून तिसरी कळ, खालच्या ओळीत, म. महिन्याभरात ते कळांकडे न बघता टाइप करायला लागले. मला कोण कौतुक वाटलं. फडताळात डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या दिसल्या होत्या, पण त्या गारव्यासाठी असतील असं मी धरून चालले.

एक गाव टाइप करून झालं की त्या गावाची वही तात्या आत्याकडे द्यायचे, आणि आत्या ती आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घालायची.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी ओरडलेच. “अहो तात्या, वही जाळताय?”

“पक्की झाली की कच्ची ठेवायची नाही. दोन प्रती राहिल्या की उद्या कोणीतरी म्हणणार ही खरी, कोणीतरी म्हणणार ती खरी. भांडणं लागतात. आमच्याकडं तीच शिस्त.”

“अहो, ती जमिनीची भांडणं. नावांवरून कोण कोर्टात जातंय?”

“शिस्त ती शिस्त,” तात्या म्हणाले.

मी वाद घातला नाही. प्रत एकच राहणार तर ती मशीनमध्येच बरी, असं मलाही वाटत होतं.

सव्वीस जानेवारी सोमवारी आली, म्हणून मी शनिवारी घरी आले. तोवर तात्यांची एक्केचाळीस गावं झाली होती. सोमवारी दुपारी निघायच्या आधी मी माझ्या सिस्टिममध्ये शिरले, पुण्याहून डिस्कवर घालून आणलेली नवी आवृत्ती चढवली आणि मशीन बंद केलं. पुन्हा सुरू करून बघायला पाहिजे होतं. ते कुणीही करतं. पण एसटी सुटायला वीस मिनिटं होती आणि आत्या चपात्या बांधून दारात उभी होती.

पुढच्या रविवारी फोनवर तात्यांनी विचारलं, “हेमा, तू जाताना अक्षर बारीक केलंस का गं?”

“मी? तुमच्या सिस्टिमला हातसुद्धा नाही लावला तात्या. मी फक्त माझ्यात काम केलं.”

“नक्की?”

“शंभर टक्के. चष्म्याचा नंबर बदलला असेल. साताऱ्याला जाऊन दाखवून या.”

मग ते म्हणाले, “तसंच असेल.”

त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, “बंद करताना बटण फार वेळ दाबून धरावं लागतं हल्ली.”

“जुनं मशीन आहे, तात्या. तुमच्यासारखंच कुरकुर करणार.”

ते हसले. मी विचारलं, “काम चाललंय ना?” तेवढ्यात आत्यानं फोन घेतला आणि म्हणाली, “चाललंय म्हंजे? सकाळधरनं तीन तास नुसतं खटाखटा. च्याचं भान न्हाई. तू गेल्यापास्नं पाचवी वही परवा दिली मला.”

मला बरं वाटलं. ऑफिसातल्या मैत्रिणींना मी सांगायची, माझे वडील पासष्टीत लिनक्स वापरतात.

महाशिवरात्रीला जोडून सुट्टी आली तेव्हा मी शनिवारी पहाटेच्या गाडीनं निघाले आणि दहाच्या सुमाराला घरी पोचले. आत्या अंगणात शेंगा निवडत होती. “जा, आतच हाय तुझा तात्या,” म्हणाली.

ते खोलीत पाठमोरे बसले होते. डाव्या हाताला वही, वहीवर भिंग, भिंगावर जवळजवळ नाक टेकलेलं. एक ओळ वाचायची, मान वर करायची, टाइप करायचं, पुन्हा वहीवर वाकायचं. बोटं चांगली चालत होती.

पडद्यावर तात्यांची फाईल नव्हती.

पडदा निळा होता, पण तो मेमरी तपासायच्या प्रोग्रामचा निळा. बारीक पांढरे आकडे. मधे एक करडी चौकट उघडलेली. त्या प्रोग्राममध्ये इंग्रजी सी ची कळ दाबली की ती चौकट उघडते, आणि मराठी कीबोर्डवर त्याच कळेवर म असतो. तात्यांनी म दाबला की चौकट उघडत होती. बाकीची अक्षरं कुठंच जात नव्हती.

काय झालं असणार ते मला तिथं दारातच कळलं. नव्या आवृत्तीनं यादीच्या डोक्यावर आपल्या दोन ओळी घातल्या होत्या. सगळं दोन घरं खाली सरकलं होतं. तिसऱ्या ओळीवरची मेमरी तपासणी पाचवी झाली होती. आणि तात्या रोज सकाळी, न चुकता, चार वेळा खाली जात होते.

“आलीस?” त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या थोडं डावीकडे बघून म्हणाले. “ही एवढी ओळ होऊ दे.”

त्यांनी ओळ पूर्ण केली, अक्षरं जपून ठेवायच्या दोन कळा दाबल्या आणि वही मिटली.

“तात्या,” मी म्हटलं, “तुम्हाला पडद्यावर काय दिसतंय?”

त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं.

“निळं दिसतं,” ते म्हणाले. “तुझ्यापासून काय लपवायचं आता. अक्षरं गेली गं. काचबिंदू आहे. सांगितलं होतं डॉक्टरांनी, हळूहळू जाईल म्हणून. तू सव्वीस जानेवारीला येऊन गेलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली. एकदम. मला वाटलं तूच बारीक केलीस. पण तू म्हणालीस हात नाही लावला.”

“तात्या…”

“मग म्हटलं, बोटांना तर येतंय. वहीवर भिंगानं थोडं थोडं लागतंय अजून. तेवढं संपायच्या आत होईल तेवढं उरकू. तुझी नोकरी नवी, तुला कशाला सांगायचं? नऊ गावं झाली बघ महिन्यात. वाटलं नव्हतं एवढी होतील.”

“वह्या?”

“दिल्या आक्काला. ही नववी, आजच झाली.” त्यांनी ती माझ्यापुढे धरली. “जाता जाता देऊन टाक तिला.”

मी वही घेतली. उघडून बघितली. पुसट पेन्सिल, मोजणीदाराची मोडकी अक्षरं, मला एक शब्द लागला नाही.

तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. आजही मला वाटतं की सांगायलाच पाहिजे होतं. पण त्या माणसानं उरलेली नजर ज्या नऊ गावांवर खर्च केली होती ती कुठंच नाहीत, आणि त्याला कारण मी, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, “तात्या, जरा उठा. मशीन स्वच्छ करते.”

मी ते पुन्हा सुरू केलं. यादी आली. पहिल्यांदाच मी ती मोजली. तात्यांची ओळ सातवी झाली होती. त्यात शिरले. फाईल उघडली. शेवटची तारीख सव्वीस जानेवारी, सकाळी अकरा. एक्केचाळीस गावं. ठळक पिवळी अक्षरं, त्यांना एक हात लांबूनही वाचता आली असती तेव्हा.

शून्याच्या जागी मी सहा लिहिलं. अर्ध्या मिनिटात झालं.

दुपारच्या चहानंतर तात्या खोलीत आले, पावलं मोजत, आणि पलंगावर बसले. “सुरू आहे का?”

“हो.”

“सगळं आहे ना त्यात?”

“आहे की.”

“मला दिसत नाही तर तू वाच जरा. मधे मधे कळ सटकली असेल तर कळेल. धारेवाडी वाच. तीन आठवडे झाले असतील ते करून.”

फाईलमध्ये धारेवाडी नव्हती. मी आधीच्या गावांवर गेले आणि मिळतील ती नावं उचलत, मागची पुढं करत, वाचायला लागले. बोडका माळ. चिंचेचं वावर. हाळाची पट्टी. माझा आवाज बरा येत होता. तात्या डोळे मिटून ऐकत होते आणि गुडघ्यावर बोटानं मोजत होते.

“नदीकडचा तुकडा,” मी वाचलं.

बोट थांबलं.

“पुढं,” ते म्हणाले.

मी पुढं वाचलं. सासूचं वावर. रडकी पट्टी. तेरा बांधांचं. अशी वीस-बावीस नावं झाल्यावर मी थांबले.

“झालं?”

“झालं तात्या.”

“एकही चूक नाही,” ते म्हणाले. “बोटं चांगली चालली म्हणायची.” मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि बाहेर गेले. मला वाटलं, निभावलं.

त्यानंतर तात्या कॉम्प्युटरवर बसले नाहीत. बारा महिन्यांत उजेड आणि अंधार एवढंच दिसायचं राहिलं. मी दर पंधरा दिवसांनी घरी जायची आणि म्हणायची, राहिलेली गावं आठवतील तशी सांगा, मी लिहून घेते. झालेली पण पुन्हा एकदा सांगा, पक्की होतील. ते म्हणायचे, झाली ती झालीच आहेत, पुन्हा कशाला; आणि राहिली ती वहीशिवाय नकोत. खोटं एक नाव गेलं तर सगळ्यांवरचा विश्वास उडतो. हे ते माझ्याकडे तोंड करून, अगदी मऊ आवाजात म्हणायचे. सहा वर्षांनी ते गेले. उरलेल्या चौदा वह्या माझ्याकडे आहेत. पुण्यात दोन-तीन जाणत्या माणसांना दाखवल्या. अक्षर कुणाला लागलं नाही.

ते गेल्यावर मी एकदा धारेवाडीला जाऊन आले. गाव माळावर आहे. नदी सोडा, ओढासुद्धा नाही. तिथली शेतं तात्यांनी बांधन्‌बांध मोजली होती.

पण मला ते त्याआधीच कळलं होतं, त्या शिवरात्रीच्या सुट्टीतच. शनिवारी मी नावं वाचली. रविवारी संध्याकाळी मी देवळात जाऊन आले. सोमवारी सकाळी मला पुण्याची गाडी होती. आंघोळीला उठले तर आत्या मोरीबाहेर बंब पेटवत बसली होती, तुराट्या मोडून आत सारत. ती नववी वही मी तिला दिलीच नव्हती, बॅगेत तळाशी घालून ठेवली होती. त्यावरून ती काही बोलेल म्हणून मीच म्हटलं, “आत्या, ती परवाची वही मी घेऊन जातेय बरं का. आठवण म्हणून.”

“ने की,” आत्या म्हणाली. “आता न्हाई तरी घालायची न्हाईच बंबात.”

“म्हणजे?”

तिनं खोलीच्या दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. “काल तू देवळात गेलीस न्हवं, तवा आला माज्याकडं. म्हनला, आक्का, हितनं फुडं एक बी वही जाळू नगंस. मी म्हनलं, का रं, पक्की झाल्यावर कशाला ठिवायची? तर ततंच चुलीम्होरं बसला. लई येळ बसला. म्हनला, आदीच्या आठ वह्यांची राख हाय का गं कुठं? म्हनलं, राख काय ठिवत्यात व्हय, भांडी घासायला गेली. मग उठला. जाताना म्हनला, पोरीला ह्यातलं काय बोलू नगंस. तिला वाटतंय मला कळलं न्हाई.”

तुराटी मोडल्याचा आवाज झाला. मी बंबाला धरून उभी होते आणि हाताला चटका बसतोय हे मला उशिरा समजलं.

आत पलंग वाजला. मग पावलं. तात्यांचे ओठ हलत असणार. अकराव्या पावलाला ते मोरीच्या दारात आले, चौकटीला हात लावून थांबले, आणि माझ्या थोडं डावीकडे बघत म्हणाले, “पाणी तापलं असेल तर आधी तू घे गं हेमा. तुला गाडी गाठायचीय.”